ड्रिल, ग्राइंडर लावण्याआधी अर्थिंग तपासा

धातूचे आवरण असलेले ड्रिल किंवा ग्राइंडर वापरताना प्लगची लांब, जाड म्हणजेच अर्थची पिन कधीही काढू नये. सॉकेटमध्ये तीच आधी जोडली जाते आणि आतील फेजची (वीज आणणारी) तार आवरणाला टेकल्यास प्रवाह तिच्यातून जमिनीकडे वळून एमसीबी (जादा प्रवाह आल्यास वीज तोडणारा स्विच) पडते. पुण्याच्या पेठांमधील जुन्या वाड्यांत मात्र सॉकेटला तीन भोके दिसली म्हणून मागे अर्थची तार असेलच, असे गृहीत धरू नये. वायरमनकडून मीटर लावून खात्री करून घ्यावी. न्यूट्रलच (वीज परत नेणारी तार) अर्थच्या भोकाला जोडण्याची पळवाट तर अजिबात स्वीकारू नये, कारण न्यूट्रल तुटताच यंत्राच्या आवरणात 230 व्होल्ट उतरू शकतात. तापकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातील विजेच्या सामानाच्या बाजारातून, एक्स्टेंशन बोर्ड घेताना केबल तीन तारांची आहे ना, हे पाहावे. दोन तारांची असेल तर भिंतीतले उत्तम अर्थिंगही व्यर्थ. चौकोनात चौकोन असे चिन्ह असलेले यंत्र दुहेरी इन्सुलेशनचे असते, त्याला दोन पिना पुरतात. पावसाळ्यात ओल्या गच्चीवर काम टाळावेच. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्यास तिचे टेस्ट बटण दाबून ती पडते की नाही, हे काम सुरू करण्यापूर्वी पाहावे.