ब्रेक ऑइल घरी बदलताय? आधी या चुका टाळा

ब्रेक ऑइल घरी बदलणं तसं अवघड नाही. एक रिंग पाना, हातभर पारदर्शक नळी, एक प्लॅस्टिकची बाटली, लिटरभर नवं ऑइल आणि पेडल दाबायला एक माणूस असला की भागतं. तरीही हे काम अंगलट येतं. सगळं उरकल्यावर पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं आत जातं, आणि मेकॅनिकला घरी बोलवायची वेळ येते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: ऑइल बदलण्याच्या नादात हवा आत घेतलेली असते.

मुळात बदलायचं कशाला? पातळी तर खाली गेलेली नसते! पण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, रबरी होजमधूनसुद्धा. नव्या डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक ठरलेला दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की मानकानुसार तो किमान 155 असला तरी चालतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल, तर कॅलिपर (चाकापाशी ब्रेक पॅड दाबणारा भाग) तापून आतल्या पाण्याची वाफ होऊ शकते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पेडल खाली जातं आणि गाडी मात्र थांबत नाही. बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्षांनी ऑइल बदला म्हणतात, ते यासाठी. रंगावर जाऊ नका, ऑइल फिकट दिसलं म्हणजे कोरडं आहे असं नाही.

पहिली चूक दुकानातच होते. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची छोटी टाकी असते, तिच्या झाकणावर डॉट 3 की डॉट 4 ते लिहिलेलं असतं, तेच घ्या. ‘5 म्हणजे आणखी भारी’ असं समजून डॉट 5 उचलू नका. ते सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही. डॉट 5.1 हे वेगळं, ते 3 आणि 4 च्याच जातीचं. मागच्या पावसाळ्यात फोडलेली अर्धी बाटली कपाटात असेल तर ती विसरा, तिने केव्हाच ओल धरलेली असते. आणि इंजिन ऑइलचं नरसाळं इथे चुकूनही वापरू नका. खनिज तेलाचा अंश गेला तरी आतली रबरी सीलं फुगतात, मग मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणारा भाग) कॅलिपरपर्यंत सगळंच उघडावं लागतं.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून चाक काढू नका, घोडी (जॅक स्टँड) लावा. जमिनीवरच्या चाकांना दगड लावा. यावर चर्चा नको.

आता निपल, म्हणजे प्रत्येक चाकापाशी जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू; नळी यावरच चढवायची. जुन्या गाडीत, विशेषतः कोकणातल्या, ते गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. फिक्स पान्याने जोर लावला की कडा गोल होतात. आधी सहा कोनी सॉकेटने सैल करा, मग रिंग पाना चढवा. चारही निपल सुटतात याची खात्री झाल्याशिवाय टाकीतलं ऑइल काढायला घेऊ नका. तीन चाकं झाली आणि चौथ्याचा निपल तुटला, तर गाडी तिथेच अडकते.

चाकांच्या क्रमाची गंमत अशी की आपण व्हिडिओ बघतो अमेरिकेतले. ‘मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात’ हा नियम बरोबर आहे. पण तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, म्हणून ते मागच्या उजव्या चाकापासून सुरू करतात. आपल्याकडे मास्टर सिलिंडर उजवीकडे, त्यामुळे साधारण क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मात्र काही गाड्यांत, विशेषतः एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर, कंपनीने वेगळा क्रम दिलेला असतो. मॅन्युअलमध्ये असेल तो अंतिम.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टाकी रिकामी होऊ देणं. आधी मोठ्या सिरिंजने टाकीतलं बरंचसं जुनं ऑइल ओढून घ्या, पण तळ उघडा पडू देऊ नका, आणि लगेच नवं भरा. मग दर पाच-सहा वेळा पेडल दाबल्यावर पातळी बघा. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं आहे. त्याच्या युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून आतला पंप फिरवल्याशिवाय ती निघत नाही. स्कॅनर म्हणजे गॅरेज, आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

दुसरी हवा शिरते ती दोघांच्या बोलण्यातल्या गोंधळातून. चाकापाशी बाबा, पेडलवर मुलगा.

‘दाब.’
‘दाबलं, धरलंय.’

मग निपल पाव फेरा उघडायचा, ऑइल नळीतून येऊ द्यायचं, निपल बंद करायचा, आणि त्यानंतरच ‘सोड’. निपल उघडा असताना मुलाने पाय उचलला की कॅलिपर हवा ओढून घेतो. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं ठेवा. पेडल भराभरा मारू नका, बुडबुड्यांचा फेस होतो आणि तो निघता निघत नाही. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पेडल कधी नव्हे ते तळापर्यंत गेलं की मास्टर सिलिंडरच्या न घासलेल्या, गंजलेल्या भागावर सील फाटू शकतं.

निपलमधून ऑइल ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाने एकट्याने करत असाल आणि बुडबुडे थांबतच नसतील, तर घाबरू नका. ती हवा बहुधा निपलच्या आट्यांतून येते, आतून नाही. शेवटचे दोन-चार दाब पेडलने देऊन खात्री करून घ्या.

काम झाल्यावर पेडल नीट नसेल तर ते कसं वागतं ते बघा. दोन-तीनदा दाबल्यावर कडक होत असेल तर हवा उरली आहे, किंवा मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे) ढिले आहेत. लायनर अ‍ॅडजस्ट न करता ऑइलवर ऑइल घालवणारे कमी नाहीत. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकत असेल आणि कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचं सील गेलं. कॅलिपर बदलल्यानंतर हवा निघतच नसेल, तर डावा-उजवा उलट बसलाय का बघा; निपल वरच्या बाजूला असला पाहिजे, कारण हवा वरच साठते. इंजिन सुरू केल्यावर पेडल जरासं खाली जातं, तो पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर आहे, बिघाड नाही.

रंगावर ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. जुनं ऑइल गटारात नको, बाटलीत भरून गॅरेजवाल्याला द्या. इंजिन चालू ठेवून मिनिटभर पेडल जोरात दाबून धरा, चारही निपल कोरडे आहेत ना ते बघा, मग सोसायटीच्या आवारात पायी चालण्याच्या वेगाने ब्रेक लावून पाहा. पेडल मऊ असेल तर ‘हळूहळू नेतो गॅरेजपर्यंत’ हा विचार मनात आणू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.