विहिरीचा प्रश्न आणि वर्गातला मोबाइल

खान्देशातील अनेक शाळांच्या भिंतीवर आता लोकवर्गणीतून किंवा एखाद्या योजनेतून आलेला मोठा टीव्ही असतो, कार्यालयातील कपाटात दोन-चार टॅब असतात आणि शिक्षकांच्या खिशात मोबाइल असतोच. ही साधने बहुधा धड्याचा व्हिडिओ लावण्यापुरती वापरली जातात. पूर्वी मुले गुरुजींचे ऐकून घेत असत, आता टीव्हीचे ऐकून घेतात. बसण्याची रीत तीच राहते. हीच साधने मुलांनी स्वतः काढलेल्या प्रश्नाच्या कामी कशी आणावीत, हे पांझरा नदीच्या पट्ट्यातील एका माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गासोबत केलेल्या कामाच्या आधाराने येथे मांडले आहे. आठवी ते दहावीच्या शिक्षकांना ही पद्धत थोड्या फेरफाराने वापरता येईल.

आरंभ साधनापासून करू नये. पहिला आठवडा वर्गात एक प्रश्नपेटी ठेवावी आणि गावात ज्याचे उत्तर ठाऊक नाही असे काहीही चिठ्ठीवर लिहून तीत टाकण्यास मुलांना सांगावे. पहिल्या दोन दिवसांत आलेल्या चिठ्ठ्या बहुधा पाठ्यपुस्तकातील स्वाध्यायाच्या वळणाच्या असतात, कारण शिक्षकांना काय आवडेल याचा अंदाज मुले बांधत असतात. त्याने निराश न होता पेटी तशीच ठेवावी. आमच्या पेटीत चौथ्या दिवशी एका मुलीची चिठ्ठी निघाली: आमच्या आणि काकांच्या मळ्यामध्ये एकच बांध आहे, तरी मार्चमध्ये आमची विहीर आटते आणि काकांच्या विहिरीवर मोटार चालते, असे का? हा प्रश्न वर्गाने मते देऊन निवडला.

निवड करताना मुलांना दोन चाळण्या द्याव्यात. मोबाइलवर एकदा शोधून ज्याचे उत्तर मिळते तो प्रश्न बाजूला ठेवावा, आणि ज्यासाठी आपल्याला गावात काही मोजता किंवा कोणाला विचारता येणार नाही तोही बाजूला ठेवावा. राहिलेल्या प्रश्नांवर प्रत्येकाने आपला अंदाज तारखेसह वहीत लिहावा. हा अंदाज पुढे फार उपयोगी पडतो, म्हणून तो खोडू देऊ नये.

त्यानंतर चार-पाच मुलांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला एकच मोबाइल द्यावा. अधिक मोबाइल मिळत असले तरी देऊ नयेत, कारण एका पडद्याभोवती बसलेली मुले बोलतात आणि चार पडद्यांपुढे बसलेली चार मुले गप्प होतात. मिश्र गटात मोबाइल आपोआप मुलाच्या हाती आणि लिहिण्याची वही मुलीच्या हाती जाते, हे मी दरवर्षी पाहत आलो आहे. त्यामुळे कोण काय हाताळणार हे दर तासिकेला चिठ्ठी टाकून ठरवावे आणि ज्याच्या घरी मोबाइल नाही त्याची पाळी आधी लावावी.

पाणी किती खोल आहे हे कसे मोजायचे, यावर गटांनी स्वतः उपाय सुचवावेत. दोरीला वजन बांधून सोडणे हा सर्वात सोपा आणि विश्वासाचा मार्ग आहे, आणि केवळ खोलीच हवी असेल तर दुसरे काही करण्याची गरज नाही. परंतु एका गटाने दगड टाकून आवाज येईपर्यंतचा वेळ मोजण्याची कल्पना मांडली, आणि नववीच्या पुस्तकातील गतीचे नियम व ध्वनी ही दोन्ही प्रकरणे त्या एका दगडात एकत्र आली. येथे थोडे तपशिलाने सांगतो, कारण साधनाचा खरा उपयोग अशाच जागी कळतो.

विहीर मळ्यातील निवडावी, पिण्याच्या पाण्याची नव्हे. मालकाची परवानगी घ्यावी, कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांना नेऊच नये, काठावर वाकण्यास सक्त मनाई करावी आणि दगड मोटारीच्या पाइपापासून व केबलपासून दूर मोठ्या माणसानेच सोडावा. मुलांनी आधी स्टॉपवॉचवर वेळ घेतला. प्रत्येकाचा आकडा वेगळा आला, कारण ऐकणे आणि बटण दाबणे यांत माणसाचा साधारण ०.२ सेकंद जातो, आणि तेवढ्या वेळात पाण्याजवळ पोहोचलेला दगड चार मीटरहून अधिक अंतर कापतो. मग एका मुलाने मोबाइलचा व्हिडिओ सुचवला. हातातून सुटणारा दगड दिसतो आणि पाण्यात पडल्याचा आवाजही त्याच ध्वनिचित्रणात असतो, तेव्हा व्हिडिओ संगणकावर एकेक फ्रेम पुढे सरकवून मधल्या फ्रेमा मोजल्या की झाले. साध्या मोबाइलवर सेकंदाला ३० फ्रेमा येतात. आमच्या गटाने ६९ मोजल्या, म्हणजे २.३ सेकंद. गुरुत्व त्वरण ९.८ धरून त्याच्या निम्म्याला काळाच्या वर्गाने गुणले की २५.९ मीटर खोली येते.

दोरीने मात्र २३.६ मीटर दाखवले.

अशा वेळी शिक्षकाच्या तोंडावर उत्तर येते आणि ते गिळणे हेच त्याचे काम असते. मी फक्त विचारले की या दोन आकड्यांपैकी कोणता चुकीचा आहे आणि ते कसे सिद्ध कराल. अर्ध्या तासाच्या वादानंतर एका मुलाला सुचले की आवाजालाही वर येण्यास वेळ लागतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर धरून पुन्हा गणित मांडले, तेव्हा खोली सुमारे २४.३ मीटर आली. तरीही पाऊण मीटर उरलाच. त्यातील काही वाटा फ्रेम मोजण्याच्या चुकीचा असू शकतो, कारण एक फ्रेम इकडची तिकडे झाली तर सुमारे पाऊण मीटर फरक पडतो; काही हवेच्या विरोधाचा, कारण दगड लिंबाएवढाच होता. हवेचा भाग तपासण्यासाठी कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या मोफत संचातील प्रक्षेपित गतीची आभासी प्रयोगशाळा उघडली, जिच्यात हवेचा विरोध चालू किंवा बंद करून आणि वस्तूचा आकार व वजन बदलून पाहता येते. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा संच एकदा उतरवून घेतला की इंटरनेटशिवाय चालतो, आणि आपल्याकडे दुपारी वीज व नेट दोन्ही केव्हाही जात असल्याने हा गुण मोठा आहे.

हेच आभासी प्रयोग किंवा बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक मंचावर उघडणारे व्हिडिओ विहिरीवर जाण्याच्या आधी दाखवले असते, तर मुलांनी ते पाहून मान डोलावली असती आणि विसरली असती. व्हिडिओ नंतर, आणि तोही ज्या गटाला अडले आहे त्याच गटाला दाखवावा.

मोजमापांची नोंद करण्यासाठी गूगल शीट किंवा लिब्रेऑफिसमधील कॅल्क पुरेसे आहे. दर पंधरा दिवसांनी आठ विहिरींची पातळी, मोजल्याची वेळ, त्या दिवशी मोटार चालू होती का, आणि मोजणाऱ्याचे नाव असे रकाने ठेवावेत. मोटार बंद होऊन किती वेळ झाला हा रकाना आम्ही आरंभी ठेवला नव्हता, आणि त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांचे आकडे फुकट गेले. उपसा चालू असताना पातळी खाली गेलेली असते, हे एका शेतकऱ्याने हसत सांगितले तेव्हा आमच्या लक्षात आले. आलेख आधी आलेख कागदावर हाताने काढावा आणि मगच संगणकावर, कारण संगणक चुकीचा आकडाही सुबक रेषेत बसवून देतो. हाताने बिंदू मांडताना मात्र ‘हा इथे कसा?’ असा प्रश्न पडतो.

दुसरे काम म्हाताऱ्या माणसांना विचारण्याचे. विहीर कधी खोदली, पूर्वी पाणी किती असे, पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून पाटाने पाणी येत असताना फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याखालच्या जमिनीचे सामाईक भाग (फड) पाडून पाणी वाटण्याच्या जुन्या रीतीत, कोणते पीक कोणत्या फडात घेतले जाई, हे सांगणारे लोक अजून गावोगाव आहेत. मुलाखत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी परवानगी विचारावी आणि तीही ध्वनिमुद्रणातच यावी. आमच्याकडील आजी-आजोबा अहिराणीत बोलतात. बोललेले आपोआप लिहून देणारी सोय प्रमाण मराठीवर बरी चालते, पण आजीचे ‘बठ्ठं’ म्हणजे ‘सगळं’ हे तिला कळत नाही आणि ती तेथे भलताच शब्द घालते. तो दोष न मानता कामाचा भाग करावा: एका गटाने यंत्राने लिहिलेला मजकूर ध्वनिफितीशी ताडून दुरुस्त करावा आणि चुकलेल्या अहिराणी शब्दांची यादी ठेवावी. वर्गात अहिराणी बोलायला लाजणारी मुले या कामात एकाएकी जाणकार ठरतात, हा त्यातला मला सर्वात आवडलेला भाग आहे. एका आजोबांनी पाण्याची खोली परसात सांगितली. परस म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या माणसाएवढी खोली. ती मीटरमध्ये किती, हे मुलांनी वर्गातील सर्वांची मापे घेऊन काढले आणि सरासरी कोणाची धरायची यावर पुन्हा वाद झाला.

तिसरे साधन म्हणजे उपग्रहाची चित्रे. गूगल अर्थ किंवा इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ उघडून आठही विहिरी नकाशावर टाकाव्यात आणि मुलांना आजूबाजूला काय दिसते ते केवळ वर्णन करण्यास सांगावे. धुळे-नंदुरबारच्या भूमीत काळ्या बेसॉल्टच्या आडव्या थरांना छेदून वर आलेल्या खडकांच्या उभ्या भिंती मोठ्या संख्येने आहेत. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात, आणि त्या वरून लांब सरळ रेषांसारख्या दिसतात. अशी भिंत अखंड असेल तर जमिनीखालचे पाणी अडवते आणि भेगाळलेली असेल तर वाहून नेते, त्यामुळे बांधाच्या दोन बाजूंच्या विहिरींत मोठा फरक पडू शकतो. हे मुलांना आधी सांगू नये. आमच्या वर्गाला नकाशावर एक रेषा दिसली, ती शेतात जाऊन पाहिली, आणि ती जुनी गाडीवाट निघाली. डाइक पुढे दुसरीकडे सापडला. ती फसलेली फेरी टाळली असती तर दुसऱ्यांदा बघताना मुलांनी इतके बारकाईने पाहिले नसते.

चॅट-जीपीटी किंवा जेमिनी यांसारखी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने या कामात शेवटी आणावीत. गावातील विहीर का आटते, असे सरळ विचारले तर ती कोणत्याही गावाला लागू पडेल असे गुळगुळीत उत्तर आत्मविश्वासाने देतात आणि मुलांचे शोधणे तेथेच थांबते. त्याऐवजी स्वतःचा निष्कर्ष, आकड्यांचा तक्ता आणि मोजण्याची पद्धत देऊन ‘यात काय चुकले असू शकेल, ते पाच प्रश्नांत विचारा’ अशी सूचना लिहावी. आलेल्या प्रश्नांपैकी कोणते आपल्या विहिरीला लागू आहेत आणि कोणते नाहीत, हे गटाने कारणांसह ठरवावे. या साधनाने सांगितलेली कोणतीही गोष्ट आपल्या मोजमापाशी किंवा जाणत्या माणसाच्या सांगण्याशी ताडल्याशिवाय वहीत जाणार नाही, असा नियम वर्गानेच केला होता आणि तो मुलांनीच कडकपणे पाळला. मुलांचे नाव, छायाचित्र किंवा शेतमालकाची माहिती तेथे टाकू नये.

शिक्षकाने या काळात फिरत राहून प्रत्येक गटापाशी दर आठवड्याला दहा मिनिटे बसावे. तेव्हा काय ठाऊक झाले, ते कशावरून, आणि मागच्या आठवड्यापेक्षा मत कोठे बदलले, इतकेच विचारावे. गुण देतानाही सादरीकरणाच्या रंगीत पानांना भुलू नये. आरंभी लिहिलेला अंदाज आणि शेवटचे मत शेजारी ठेवून मधल्या वाटेत कोणत्या पुराव्याने मत बदलले हे ज्या मुलाला सांगता येते, त्याचे काम चांगले. ज्याचा अंदाज पहिल्यापासून बरोबर होता पण का बरोबर होता ते सांगता येत नाही, त्याला मी कमी गुण दिले आणि त्याच्या पालकांची नाराजीही ओढवून घेतली.

वेळेचा प्रश्न येतोच. आठवड्याला विज्ञानाची एक आणि गणिताची एक तासिका यासाठी काढली तर दिवाळीनंतर सुरू झालेले काम जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संपते. नववीच्या गणितातील सांख्यिकी आणि विज्ञानातील गती व ध्वनी यांची तयारी यातच होत असल्याने अभ्यासक्रम मागे पडत नाही. मोबाइल व टॅब रात्री चार्ज करून आणावेत, लागणारे सर्व आदल्या दिवशी उतरवून ठेवावे.

सादरीकरण शाळेच्या सभागृहात पाहुण्यांपुढे करण्यापेक्षा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत करावे आणि त्यासाठी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्याशी महिनाभर आधी बोलून ठेवावे. तेथे विहिरींचे मालकच समोर बसलेले असतात. आमच्या मुलांना पहिलाच प्रश्न आला की शिरपूर पॅटर्नप्रमाणे आपला नाला खोल आणि रुंद केला तर या दोन्ही विहिरींना सारखे पाणी येईल का. डाइकच्या एकाच बाजूला नाला असल्याने सारखे येईलच असे सांगता येत नाही, असे त्या चिठ्ठीवाल्या मुलीने उत्तर दिले, आणि तिच्या काकांनी लगेच ते अमान्य केले. तो वाद मिटवण्यासाठी उन्हाळ्यातील आकडे हवे होते, आणि आमच्याकडे ते नव्हते.

म्हणून काम थांबवताना एक गोष्ट अवश्य करावी. मालकाच्या संमतीने प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर पांढऱ्या रंगाने बाणाची खूण करावी, पातळी त्या खुणेपासून मोजली आहे असे शीटच्या पहिल्या ओळीत लिहावे, आणि शीट, दोरी व ध्वनिफिती आठवीतून वर येणाऱ्या वर्गाच्या ताब्यात एप्रिलच्या आत द्याव्यात, कारण मे महिन्याची पातळी त्यांनाच मोजायची असते.