आधी डब्याचं झाकण पाण्यात सोडा, मग जर्कबेटचा रंग निवडा

गाड्यांना रंग मारण्यात माझी बावीस वर्षं गेली. गॅरेज सांगलीत, आणि सुट्टीला मी रॉड घेऊन कृष्णाकाठी असतो, कधी हरिपूरच्या संगमाला, कधी वर भिलवडीच्या बाजूला. नवी पोरं लुअरचा, म्हणजे माशाला फसवणाऱ्या नकली आमिषांचा, डबा उघडून समोर धरतात आणि विचारतात, "काका, यातला कुठला रंग चालतो?" मी त्यांना डबा मिटायला सांगतो आणि आधी पाणी मोजायला लावतो.

गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवून रंग ठरवतं, आणि गाडी उन्हात काढली की म्हणतं, हा तो रंग नव्हेच. ट्यूबलाइटखाली एक दिसतो आणि उन्हात दुसरा, हे मी रोज बघतो. पाण्यात तर उजेड गाळूनच खाली जातो. नितळ पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो, काही मीटर खाली तो काळपट दिसायला लागतो. गढूळ पाण्यात उलटं होतं. मातीच्या कणांमुळे निळा उजेड आधी संपतो आणि पिवळा, नारिंगी, लाल त्यातल्या त्यात पुढं पोचतात. म्हणून दुकानात छान दिसला म्हणून घेतलेला लुअर नदीत कसा दिसेल, हे पाणी बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

मोजायचं साधन घरातलंच आहे. ऑइलपेंटच्या डब्याचं झाकण घ्या, त्याला मॅट पांढरा रंग द्या, मधोमध भोक पाडून दोरी ओवा आणि खाली वजनाला एक जाड नट बांधा. दोरीला वितीवितीवर गाठी मारा. सावलीच्या बाजूनं झाकण सोडायचं आणि दिसेनासं झालं की ओल्या गाठी मोजायच्या. १८६५ मध्ये सेकी नावाच्या इटालियन खगोलशास्त्रज्ञानं भूमध्य समुद्रात पांढरी थाळी सोडून असंच मोजमाप केलं होतं, आजही तळ्या-धरणांची पारदर्शकता त्याच रीतीनं मोजतात. मात्र आपल्याकडे काठावर वाकून, पाण्यात हात घालून हे करू नका. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात मगरी आहेत. घाटाच्या वरच्या पायरीवर उभं राहून लांब दोरीनं मोजा, आणि गुडघाभर पाण्यात उतरून मासेमारी तर अजिबात नको.

जर्कबेट हा झटके देत ओढायचा लुअर, मुळात बास या माशासाठी अमेरिका आणि जपानमध्ये वाढलेला प्रकार. बारीक लांबट मासळीचा आकार, तोंडाला जिभेसारखी छोटी पट्टी, दोन झटके दिले की डावी-उजवीकडे फेकला जातो आणि थांबलं की न बुडता, न वर येता पाण्यात जागच्या जागी तरंगत राहतो. कृष्णेत बास नाही, पण मरळ आहे, आणि नजरेनं शिकार करणाऱ्या कुठल्याही माशाला हा थांबलेला लुअर मोहात पाडतो. घास बहुतेक वेळा त्या थांब्यातच लागतो. मासा लुअरकडे निवांत बघतो तो तेवढाच वेळ, म्हणून रंगाचं महत्त्व तिथंच.

झाकण सहा वितींच्या पुढेही दिसतंय, तर पाणी नितळ. असं पाणी आपल्याला थंडीत मिळतं, डिसेंबर ते फेब्रुवारी. अशा वेळी आरपार दिसणारे रंग घ्या: पाठ फिकट शेवाळी किंवा राखाडी, कूस अर्धपारदर्शक, पोट मोतिया. काठाला झुंडीनं फिरणारी चंदेरी बारकी मासळी नीट बघितलीत तर तीही अशीच दिसते, पाठीवर हिरवट छटा आणि बाकी जवळजवळ काच.

तीन वर्षांपूर्वी ही चूक मीच केली. डिसेंबरातली सकाळ, वारा नाही, पाणी आरशासारखं. मी आरशासारखाच क्रोमचा लुअर टाकला. हातभर लांबीची मरळ त्याच्या मागं आली. मी थांबलो, तीही थांबली. तिच्या कल्ल्यांची उघडझाप मला वरून दिसत होती, आणि परातभर अंतर राहिलेलं असताना ती हळूच वळून निघून गेली. तीन वेळा असंच झालं. घरी येऊन मी त्याच लुअरवर हजार नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून फिरवला. चकाकी गेली, साटीनसारखी मंद झळाळी राहिली. पुढच्या रविवारी त्याच जागी, त्याच लुअरला दुसऱ्याच थांब्यात घास लागला. क्रोम वाईट नाही. वाऱ्यानं लाटा उठल्या असतील आणि ऊन कडक असेल, तर तीच चकाकी तुटक-तुटक दिसते आणि खऱ्या मासळीच्या खवल्यांसारखी भासते. आभाळ भरलेलं असेल तर क्रोम निव्वळ राखाडी होतो. तेव्हा हाडासारखा अपारदर्शक पांढरा घ्या.

दोन ते सहा वितींच्या मधलं पाणी आपल्याकडे सगळ्यात जास्त दिवस असतं. पावसाळा सरून गाळ बसला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये, बंधाऱ्यात अडलेलं पाणी हिरवं व्हायला लागलं की. अशा पाण्यात हिरवाच उजेड पुढं जातो, त्यामुळे नुसता हिरवा लुअर पार्श्वभूमीत विरघळतो. इथं फरक दिसायला हवा. सोनेरी कूस, काळी पाठ, नारिंगी पोट ही माझी पहिली पसंती. फायर टायगर म्हणून जो रंग मिळतो, हिरवी पाठ, पोपटी-पिवळी कूस, काळे पट्टे आणि नारिंगी पोट, तो त्या काळ्या पट्ट्यांमुळे आणि पोटामुळे चालतो असं माझं मत आहे. पोटाकडे दुर्लक्ष करू नका. खरेदी करताना आपण लुअर वरून बघतो, मासा तो बहुतेक वेळा खालून बघतो.

दोन वितींच्या आत झाकण गायब झालं तर मी जर्कबेट डब्यात ठेवतो. हा नजरेचा लुअर आहे, दिसलाच नाही तर त्याचा उपयोग काय? धरणातून पाणी सोडल्यावर दोन दिवस नदी तांबूस असते, तेवढ्या दिवसांत टाकायचाच तर काळा-सोनेरी किंवा भडक नारिंगी घ्या, आतले मणी खुळखुळणारा असावा, आणि काठाजवळ छोटे थांबे देत ओढा. पहाटे आणि तिन्हीसांजेलाही गडद रंगच बरा, कारण उजळ आभाळावर त्याची आकृती ठळक उमटते.

पोरांच्या खिशाची मला काळजी असते, म्हणून हे सांगतो. बासच्या डोळ्यांवर अमेरिकेतल्या इलिनॉयच्या अभ्यासकांनी काम केलं, ते २०१९ मध्ये छापून आलं. बासला लाल आणि हिरवा चांगले ओळखू येतात, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याची गल्लत होते, तशीच निळा आणि काळा यांतही. हे वाचल्यापासून मी मरळीसाठीही तोच ठोकताळा धरला आणि निळ्या पाठीचे लुअर घेणं बंद केलं. काळ्या पाठीचा असताना दुसरा कशाला? सुरुवातीला तीन पुरेत: एक आरपार शेवाळी, एक हाडासारखा पांढरा, एक काळा-सोनेरी नारिंगी पोटाचा.

जुना लुअर घरी रंगवायचा असेल तर हुक काढा, डोळ्यांवर मास्किंग टेप लावा, पेपर मारून प्रायमरचा एकच पातळ हात द्या. खवल्यांसाठी मच्छरदाणीचा तुकडा ताणून गुंडाळायचा आणि त्यावरून एअरब्रशनं गडद रंग उडवायचा. जाळी सोडली की खवले उमटलेले असतात. क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, मात्र जपून. जाड थर दिला की वजन वाढतं आणि जागेवर तरंगणारा लुअर बुडायला लागतो. गॅरेजची सवय म्हणून मी पहिल्या लुअरवर चार हात मारले होते, तो दगडासारखा तळाला गेला.

पावसाळ्यात मी रॉड टांगून ठेवतो. मासे तेव्हा गाभोळीवर असतात. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते, तांबूस-नारिंगी पिल्लांचा झुबका पाण्यावर हलताना दिसतो आणि राखण करणारी मरळ खालीच असते. तिथं काहीही टाकलं तरी ती अंगावर येते, कारण ती राखणीला असते. तिला उचललंत तर ती अख्खी पिल्लं त्याच दिवशी दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. तिथं लुअर टाकू नका, कळकळीनं सांगतो. धरणावर जाणार असाल तर मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. कोयना आणि चांदोलीचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथल्या पाण्यात गळ घेऊन जाऊच नका.

लुअर टाकण्याआधी शेवटचं काम बादलीत. नदीचंच पाणी दोरीनं बादलीत काढून घ्या, हुक लावलेला लुअर त्यात सोडा. मेमधल्या कोमट पाण्यात तो थंडीपेक्षा थोडा जास्त बुडतो. बुडत असेल तर पुढचा हुक एक नंबर बारीक लावा, वर येत असेल तर पोटाला शिशाच्या पट्टीचा नखाएवढा तुकडा चिकटवा आणि पुन्हा सोडून बघा.