तालुक्याच्या वाचनालयाचा संग्रह कसा सुधारावा आणि नवे उपक्रम कसे सुरू करावेत

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 साली झाला आणि लोकवर्गणीवर चालणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाचा नियमित आधार मिळाला. आज राज्यात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. ती ‘अ’, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ अशा वर्गांत विभागलेली असून त्यांतील बहुसंख्य शेवटच्या दोन वर्गांतली आहेत. हा लेख अशाच वाचनालयांच्या कार्यकारी मंडळासाठी आणि ग्रंथपालांसाठी आहे. तेथे ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही कामे पुष्कळदा एकच व्यक्ती करते आणि पैसे हप्त्याहप्त्याने येतात. अशा ठिकाणी सुधारणेची सुरुवात नव्या खरेदीपासून करू नये. आपल्या गावात सध्या काय वाचले जाते आणि काय धूळ खाते, हे देवघेवीच्या नोंदींवरून आधी पाहावे. पुढचे सगळे निर्णय त्यातून सोपे होतात.

आधी देवघेव तपासावी

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारीखपट्टी हा वाचनालयातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज होय. एका वेळी एकच कपाट घ्यावे, प्रत्येक पुस्तकाच्या पट्टीवरचा शेवटचा शिक्का पाहावा आणि पुस्तकांचे तीन गट करावेत: गेल्या दोन वर्षांत घरी गेलेली, त्याआधी कधीतरी गेलेली, आणि ज्यांची पट्टी दाखल झाल्या दिवसाइतकीच कोरी आहे अशी. रोज दुपारच्या निवांत वेळेत हे काम केले तर लहान वाचनालयाचा सगळा संग्रह एका उन्हाळ्यात डोळ्यांखालून जातो.

त्याच दिवसापासून देवघेवीच्या टेबलावर एक मागणीवही ठेवावी. वाचकाने मागितलेले आणि आपल्याकडे नसलेले पुस्तक, विषय किंवा लेखक तिच्यात तारखेसह लिहावा. ‘सोयाबीनवरच्या रोगांचे काही आहे का’, ‘सातवीच्या मुलीसाठी विज्ञानाचे प्रयोग’, ‘मोठ्या अक्षरातली ज्ञानेश्वरी’ अशा नोंदी सहा महिन्यांत जमल्या की ग्रंथनिवड समितीला अंदाजाने बोलावे लागत नाही.

कोऱ्या पट्ट्यांचा गट पाहून दचकण्यापूर्वी कपाटाच्या कुलपाकडे पाहावे. अनेक वाचनालयांत पुस्तके अजूनही काचेच्या बंद कपाटात असतात. वाचकाने यादीतून क्रमांक सांगायचा आणि ग्रंथपालाने पुस्तक काढून द्यायचे, अशी तेथे रीत असते. जे पुस्तक हातात घेऊन चाळताच येत नाही, ते मागणार कोण? पुस्तके गहाळ होण्याची भीती खोटी नाही, पण दुर्मीळ आणि संदर्भग्रंथ कुलपात ठेवून बाकीच्यांसाठी मुक्तप्रवेश सुरू केला, तर एक पैसाही न खर्चता देवघेव वाढते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले पहिलेच सूत्र ग्रंथ उपयोगासाठी असतात असे सांगते. त्यांचा जन्मदिवस, 12 ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. निदान त्या दिवशी तरी काही कपाटे उघडावीत.

काय काढावे, काय मुळीच काढू नये

पाने सुटी झालेली, वाळवीने पोखरलेली, माहिती कालबाह्य झालेली पुस्तके निर्लेखनासाठी, म्हणजे संग्रहातून रीतसर कमी करण्यासाठी, वेगळी काढावीत. राज्यसेवा मुख्य परीक्षेचे स्वरूप आता वर्णनात्मक झाले आहे. त्यामुळे त्या परीक्षेसाठीचे जुने वस्तुनिष्ठ प्रश्नसंच अभ्यासिकेत ठेवणे म्हणजे विद्यार्थ्यांची दिशाभूल करणे होय. निर्लेखन मात्र मनाने करू नये. दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, किंमत आणि कारण अशी यादी करून कार्यकारी मंडळाचा ठराव घ्यावा, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडून रीतसर पद्धत समजून घ्यावी आणि त्यानंतरच दाखल नोंदवहीत लाल शाईने शेरा मारावा. असे न केल्यास पुढच्या पडताळणीत ती सगळी पुस्तके ‘गहाळ’ ठरतात.

रद्दीच्या ढिगात चुकून जाणाऱ्या गोष्टींची मात्र फार काळजी घ्यावी. गावातल्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, सहकारी संस्थेचे जुने अहवाल, तालुक्यातून निघणारे आणि बंद पडलेले साप्ताहिक, स्थानिक कवीने पदरमोड करून छापलेला संग्रह या वस्तूंची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते. जुने दिवाळी अंकही याच वर्गात धरावेत. 1909 सालच्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेल्या या परंपरेतले कितीतरी लेखन पुढे पुस्तकात आलेच नाही. अशा साहित्याची पट्टी कोरी असली तरी ते संदर्भ विभागात राहिले पाहिजे.

फाटलेले पान जोडायला पारदर्शक चिकटपट्टी वापरू नये. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि निघताना अक्षरेही घेऊन जाते. पातळ जपानी कागद आणि मैद्याची किंवा स्टार्चची खळ पुरेशी होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यापूर्वी कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, म्हणजे ओल थेट पुस्तकांना भिडत नाही. पुस्तके सावलीत वाऱ्यावर ठेवावीत. कडक उन्हात कागद ठिसूळ होतो.

खरेदी

संग्रह बिघडतो तो बहुतेक वेळा मार्च महिन्यात. अनुदानाचा हप्ता उशिरा जमा होतो, वर्षअखेरीपूर्वी खर्च दाखवायचा असतो आणि नेमक्या त्याच वेळी भरघोस सवलतीचे तयार संच घेऊन विक्रेते दारात उभे राहतात. छापील किंमत फुगवून ठेवलेली, मुद्रितशोधनाचा पत्ता नसलेली, इकडून तिकडून उचललेल्या मजकुराची ही पुस्तके नोंदवहीत संख्या वाढवतात आणि कपाटात जागा अडवतात. सवलत किती मिळाली, हा खरेदीचा निकष होऊच शकत नाही. न वाचले जाणारे पुस्तक निम्म्या किमतीला मिळाले, तरी ते महागच पडते.

यावर उपाय एकच: यादी दिवाळीपूर्वी तयार ठेवावी आणि पैसे आले की फक्त मागणी नोंदवावी. ग्रंथनिवड समितीत पदाधिकाऱ्यांबरोबर एखादी शिक्षिका, अभ्यासिकेत येणारा एक विद्यार्थी आणि नेमाने पुस्तके नेणारी एखादी गृहिणी अवश्य असावी. समितीने मागणीवही, तीन गटांची मोजणी आणि शासनाने निवडलेल्या ग्रंथांची यादी या तिन्ही गोष्टी समोर ठेवून बसावे. नवे अनोळखी पुस्तक घेण्यापूर्वी त्याची दोन पाने मोठ्याने वाचून पाहावीत. मुलांच्या पुस्तकांना तर ही कसोटी हटकून लावावी, कारण अनुवादित बालसाहित्यात कृत्रिम मराठीचा सुळसुळाट आहे. नॅशनल बुक ट्रस्ट आणि साहित्य अकादमी यांची मराठी प्रकाशने किमतीला परवडतात आणि निर्मितीलाही बरी असतात.

जे विनामूल्य मिळते त्यावर पैसे घालवू नयेत. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने उतरवून घेता येतात आणि बालभारती व एनसीईआरटी यांची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात. वाचनालयातल्या एका संगणकावर ही साधने विषयवार मांडून ठेवावीत आणि ती कशी उघडायची हे एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून शेजारी टांगावे. तसे न केल्यास तो संगणक फक्त अर्ज भरण्यासाठीच वापरला जातो.

कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून सार्वजनिक ग्रंथालयांना साहाय्य करते. त्याच्या समान (राज्य शासनाच्या वाट्यासह) आणि असमान (केवळ प्रतिष्ठानच्या पैशांतून) निधी योजनांतून ग्रंथ, साधनसामग्री, बालविभाग, इमारत अशा कामांसाठी मदत मिळू शकते. प्रस्ताव ग्रंथालय संचालनालयामार्फत जातो, म्हणून लेखापरीक्षण अहवाल, नोंदणी प्रमाणपत्र आणि ठरावाची प्रत यांचा एक संच कायम तयार ठेवावा. जाहिरात निघाल्यावर कागद शोधायला लागणारी वाचनालये दरवर्षी मागे राहतात.

संगणकावर नोंदी घेताना

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली किंवा मुक्तस्रोत ‘कोहा’ यांपैकी एखादी निवडता येते. प्रणाली कोणतीही असो, मराठी नोंदी युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या प्रमाण अक्षरसंचात, कराव्यात. जुन्या फाँटमध्ये भरलेली यादी दिसते सुरेख, पण शोधली की सापडत नाही आणि दुसरीकडे नेली की तिची अक्षरे विस्कटतात. लेखकांची नावे लिहिण्याचा नियम पहिल्याच दिवशी ठरवावा. आद्याक्षरांमध्ये जागा सोडायची की नाही, एवढ्या क्षुल्लक फरकानेही एकाच लेखकाचे दोन लेखक होतात. टोपणनावांचा घोळ त्याहून मोठा असतो. वि. वा. शिरवाडकर नाटकांत आणि कुसुमाग्रज कवितेत शोधावे लागतात, तर राम गणेश गडकरी गोविंदाग्रज आणि बाळकराम या नावांनीही येतात. अशा प्रत्येक नावाखाली ‘हेही पाहा’ अशी नोंद करावी.

दुर्मीळ पुस्तकांचे स्कॅनिंग करण्यापूर्वी स्वामित्व हक्क तपासावा. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो आणि ही मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात. म्हणजे 1960 साली वारलेल्या लेखकाचे साहित्य 1 जानेवारी 2021 पासून खुले झाले. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाची छापील प्रत आपल्याकडे असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत करण्यास विनानफा सार्वजनिक ग्रंथालयांना कायद्यात मुभा आहे. ती प्रत सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकण्याची मात्र नाही.

उपक्रम

वाचन प्रेरणा दिन 15 ऑक्टोबरला, मराठी भाषा गौरव दिन 27 फेब्रुवारीला आणि जागतिक ग्रंथ दिन 23 एप्रिलला येतो. हे दिवस बहुतेक वाचनालये पाळतात. त्यांत वाईट काही नाही, परंतु दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि अध्यक्षीय समारोप यांत दोन तास जातात आणि सभागृहाबाहेर पडताना एकाच्याही हातात पुस्तक नसते. म्हणून अशा कार्यक्रमाच्या दारातच एक टेबल मांडावे, वक्त्याच्या विषयावरची वीस-पंचवीस पुस्तके त्यावर ठेवावीत आणि सभासदांना ती जागच्या जागी नोंदवून घरी नेऊ द्यावीत.

वर्षातून एकदा होणाऱ्या सोहळ्यापेक्षा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी होणारा छोटा उपक्रम अधिक काम करतो. मुलांसाठी दर शनिवारी शाळा सुटल्यावर गोष्टीचा अर्धा तास ठेवावा. गोष्ट पाठ करून सांगण्यापेक्षा पुस्तक हातात धरून, चित्रे दाखवत वाचावी आणि एखाद्या उत्कंठेच्या जागी थांबून ‘पुढचे घरी जाऊन वाचा’ असे सांगावे. त्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती आधीच जमवून ठेवाव्यात. खानदेशात अहिराणी आणि सिंधुदुर्गात मालवणी सांगणाऱ्या आज्यांना या अर्ध्या तासात आवर्जून बोलवावे.

वाचनालयापर्यंत येऊ न शकणाऱ्यांसाठी ग्रंथपेटी हा महाराष्ट्रात रुजलेला आणि स्वस्त मार्ग आहे. पंचवीस पुस्तकांची एक पेटी महिला बचत गटाकडे किंवा लांबच्या वाडीवरच्या अंगणवाडीकडे द्यावी आणि दोन महिन्यांनी ती पुढच्या गटाकडे सरकवावी. पेटीची जबाबदारी एकाच नावावर असावी. ‘सगळ्यांची’ जबाबदारी असली की परतताना पुस्तके कमी भरतात. अंध वाचकांसाठी सुगम स्वरूपातल्या, म्हणजे ऐकता किंवा स्पर्शाने वाचता येतील अशा, प्रती करण्याचीही कायद्यात तरतूद आहे, त्यामुळे अभ्यासिकेतल्या विद्यार्थ्यांकडून पुस्तके ध्वनिमुद्रित करून घेता येतात.

प्रत्येक उपक्रमासाठी नोंदवहीत दोनच रकाने आखावेत: किती जण आले आणि त्या आठवड्यात त्या विषयाची किती पुस्तके घरी गेली. चार महिने दुसरा रकाना रिकामाच राहिला, तर उपक्रमाची वेळ बदलून पाहावी. तरीही फरक पडला नाही, तर तो बंद करून त्याचे पैसे मागणीवहीकडे वळवावेत.