आंबावडीच्या खोक्याची आगगाडी: खाऊ संपल्यावर खेळता येईल असं खोकं कसं करावं

गणपती आटोपून चाकरमानी परत निघाले की आंबावडी, काजूवडी, खाजे, फणसपोळी यांनी पिशव्या भरतात. खाऊ आठवड्यात फस्त होतो आणि प्लॅस्टिकची पेटी कचऱ्यात जाते. तोच खाऊ पुठ्ठ्याच्या खोक्यात देता येतो, आणि ते खोकं रिकामं झाल्यावर आगगाडीचा डबा होऊ शकतं. दुसरं खोकं आलं की दुसरा डबा. घरच्यांना भेट द्यायची असो की बचत गटाच्या स्टॉलवर ठेवायचं असो, कृती एकच आहे. विकणाऱ्यांना थोडे जास्तीचे नियम पाळावे लागतात, ते पुढे दिले आहेत.

आधी एक गोष्ट ठरवून टाका: खाऊच्या पाकिटात वेगळं खेळणं घालायचं नाही. खोकं हेच खेळणं. पाकिटातून निघालेली बारकी प्लॅस्टिकची वस्तू लहान भावंड आधी तोंडात घालतं. अमेरिकेत तर १९३८ च्या कायद्यानुसार मिठाईच्या पोटात न खाण्याजोगी वस्तू दडवून विकता येत नाही, आणि म्हणूनच पोटात खेळणं असलेलं चॉकलेटचं अंडं, किंडर सरप्राइज, तिथे विकता येत नाही. पेझच्या गोळ्यांचं उदाहरण याच्या नेमकं उलट आहे. १९२७ मध्ये ऑस्ट्रियात या पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या तेव्हा त्या मोठ्यांसाठी होत्या. पुढे १९५० च्या दशकात डबीवर चेहऱ्यांची टोपणं आली आणि पोरांनी त्या डब्याच जमवायला सुरुवात केली.

आपल्याकडे सावंतवाडीची खेळणी आणि गंजिफा, म्हणजे गोल पत्ते, आहेत, त्यामुळे प्रत्येक खोक्यात गंजिफाचं एक गोल पान द्यावं असं कुणालाही सुचेल. पण दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा असतो, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा पानं. तेवढ्या वड्या खाईपर्यंत पोरगं कॉलेजात जाईल! आगगाडीचं तसं नाही. एका डब्यातही खेळ होतो, दोनात जास्त रंगतो.

लागणारं सामान

३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा पुठ्ठा (छापखान्यात याला डुप्लेक्स म्हणतात), स्टीलची पट्टी, कटर, संपलेली बॉलपेनची रिफील, फेविकॉल आणि मिठाईच्या पुड्याला बांधतात तसला सुती दोरा. स्टेपलर लांब ठेवा, खाऊजवळही नको आणि पोरांच्या हातातही नको. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण कोकणातल्या पावसाळी हवेत तिला बुरशी धरते आणि झुरळंही येतात.

एका ए-फोर आकाराच्या पुठ्ठ्यात एक पूर्ण डबा बसतो. काडेपेटी आठवा: बाहेरचं कव्हर आणि आत सरकणारा खण. मापं मिलिमीटरमध्ये देत आहे.

खण: १८० × १२० चा तुकडा कापा. चारही कडांपासून ३० वर रेघा आखा. त्या रेघांवरून रिकामी रिफील पट्टीच्या आधाराने दाबून ओढा, म्हणजे घडी सरळ पडते आणि पुठ्ठा फाटत नाही. चार कोपऱ्यांत एकेक काप द्या, बाजू उभ्या करा आणि कोपऱ्याचे कान आतून चिकटवा. आतली जागा १२० × ६० × ३० मिळते.

कव्हर: २०० × १२० चा तुकडा. दोनशेच्या लांबीवर ६२, ३२, ६२, ३२ अशा घड्या, आणि उरलेली १२ ची पट्टी चिकटवायला. खणापेक्षा दोन मिलिमीटर जास्त ठेवलेत ते मुद्दाम, कारण दमट हवेत पुठ्ठा फुगतो आणि नेमक्या मापाचं कव्हर खणावर घट्ट बसून राहतं. चिकटवल्यावर तासभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा.

जोडणी

सगळी गंमत या भागात आहे, म्हणून इथे घाई नको. जोडणी कव्हरला लावायची, खणाला नाही. खणाला लावली तर पोरगं गाडी ओढेल आणि खणच बाहेर येईल.

ए-फोरमधून खण आणि कव्हर काढल्यावर जी पट्टी उरते, तिच्यातून ४० रुंद आणि ५० लांब असे दोन तुकडे कापा. प्रत्येकाचा २० चा भाग कव्हरच्या तळाला बाहेरून चिकटवा, एक पुढच्या टोकाला आणि एक मागच्या. ३० चा भाग बाहेर राहील. पुढच्या तुकड्याला मान आणि मुंडी द्यायची: खोक्याला लागून १५ लांबीपर्यंत रुंदी १४ च ठेवा, त्यापुढच्या १५ ला २२ रुंदी. मागच्या तुकड्यात बरोबर मध्यावर, टोकापासून १५ आत, आडवी १८ ची चीर पाडा. चीर एका रेघेची नको, दोन मिलिमीटर रुंद हवी.

आता मुंडी दोन बोटांत धरून किंचित गोलसर वाकवा आणि पुढच्या डब्याच्या चिरेत खालून वर घाला. सोडली की ती पसरते आणि तिचे खांदे चिरेच्या वर अडकतात. ओढलं तरी सुटत नाही, वळणावर थोडी हलते, आणि सोडवायची असेल तर परत वाकवून खाली काढायची. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवलं की पुरतं. मुंडीची टोकं कात्रीने गोल करून घ्या.

बाहेर आलेली हीच दोन पानं खाऊ भरलेला असताना खोकं बंद ठेवतात. वर दुमडली की खणाची दोन्ही तोंडं अडतात आणि वरून लांबीच्या दिशेने सुती दोरा बांधला की झालं. टेप किंवा स्टिकर लावू नका. तो काढताना पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा निघतो, आणि नेमका मुंडीवरचाच. सोडलेला दोरा इंजिनाच्या, म्हणजे सगळ्यात पुढच्या डब्याच्या, मानेला बांधून गाडी ओढायला होतो. तो अर्ध्या मीटरहून लांब ठेवू नका.

चाकं लावायची का? मी म्हणेन, छापा किंवा रंगवा, बसवू नका. चाक निखळतं, माडाच्या हिराचा आस टोचतो आणि पोरांना चाकांची फारशी फिकीर नसते. गुळगुळीत लादीवर खोकं सुंदर सरकतं.

बाहेर काय छापायचं

खिडक्या छापा, पण त्या रिकाम्या सोडा. आत कोण बसलंय ते मुलांना काढू द्या. त्यासाठी वर चकचकीत लॅमिनेशन करू नका, त्यावर रंगखडू धरत नाही. छापखान्यातला माणूस "लॅमिनेशन केलं की लूक येतो" म्हणेलच, ठामपणे नाही सांगा.

प्रत्येक खोक्यावर कोकण रेल्वेच्या एका स्टेशनचं नाव द्या, अगदी स्टेशनावरच्या पाटीसारखं. उत्तरेकडून दक्षिणेकडे: चिपळूण, संगमेश्वर रोड, रत्नागिरी, राजापूर रोड, वैभववाडी रोड, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी रोड. मग डबे क्रमाने लावणं हा आपोआप एक खेळ होतो आणि मुंबईत वाढणाऱ्या नातवाला आपलं स्टेशन कुठल्या दोन स्टेशनांच्या मधे येतं ते कळतं. थोड्या मोठ्या मुलांना सांगा की रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला. खण काढून कव्हरच्या पाठीवर ठेवला आणि त्यात खेळण्यातला ट्रक उभा केला, की रो-रो तयार. १९९९ पासून कोलाड ते वेर्णा असे खरे ट्रक आगगाडीवर चढून जातात, हे ऐकल्यावर पोरं तो खेळ सोडत नाहीत.

खाऊ भरताना

डुप्लेक्स पुठ्ठ्याची राखाडी बाजू रद्दीच्या लगद्यापासून केलेली असते. खाऊ तिला टेकता कामा नये. वड्या खाद्यपदार्थांसाठीच्या सीलबंद पाऊचमध्ये घाला. पावणेतीन सेंटिमीटर चौकोनी वड्या एका पाऊचमध्ये आठ, असे दोन पाऊच एकावर एक बसतात. खाजे उभे रचा, गुळामुळे ते चिकटतात तेव्हा त्यांना पाऊच हवाच.

पाऊचचं दुसरं कारण मुंग्या. खोक्याला साखरेचा नुसता हात लागला तरी रात्रीत माळ लागते, आणि मुंग्या लागलेली आगगाडी कुठलीही आई घरात ठेवून घेत नाही. भरणाऱ्याने वड्या पाऊचमध्ये घातल्यावर हात धुवावे आणि मगच खोक्याला हात लावावा.

विकणार असाल तर

वर्तमानपत्राचा कागद खाऊला गुंडाळायला किंवा आत अंथरायला वापरता येत नाही, एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत त्याला मनाई आहे. छापलेली बाजूही पदार्थाला लागू नये, असं तेच नियम सांगतात. पदार्थाचं नाव, वजन आणि शाकाहाराची हिरवी खूण कव्हरच्या वरच्या बाजूला, म्हणजे डब्याच्या टपावर घ्या. घटक, तारखा, किंमत, पत्ता आणि चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक तळाला. गाडी उभी असताना तळ दिसत नाही, त्यामुळे खेळ बिघडत नाही.

दुसरं म्हणजे, चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी २०२० चा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि त्यात आयएसआय खूण लागते. खोक्यावर "खेळणं मोफत" असं मोठ्या अक्षरात छापण्याआधी बीआयएसच्या (ही खूण देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोच्या) कार्यालयात विचारून घ्या. सुटे भाग तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तेवढी पुठ्ठ्याची सुरळी करून बघा, त्यात पूर्ण उतरेल असा एकही तुकडा खोक्यातून सुटा होऊ नये. तीन वर्षांखालच्या मुलाला दोरा देऊ नका.

शंभर-दोनशे खोक्यांपर्यंत हाताने कापणं परवडतं. त्यापुढे छापखान्यातून डाय (कापायचा साचा) करून घ्या आणि क्रीजिंगसकट, म्हणजे घडीच्या रेघा दाबून, कापून मागा, चिकटवणं गटात करता येतं. डाय करायच्या आधी मात्र एक खोकं शेजारच्या पोराच्या हातात काही न सांगता द्या आणि गप्प बसून बघा. त्याने मुंडी उलटी घातली तर ती कुठून घालायची त्याचा बाण छापायला हवा.

पावसात मुंड्या मऊ पडतात आणि सगळ्यात आधी त्याच तुटतात. बदली तुकड्यांना जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. वर दिलेल्या मापाचे पाच-सहा तुकडे कापून एका डब्याच्या खणात ठेवून द्या.