आकडे जुळत नाहीत? माहिती प्रणाली वापरताना या चुका टाळा

महिनाअखेरची बैठक. विक्री विभाग म्हणतो महिना जोरात गेला, हिशेब विभाग म्हणतो तेवढा नाही, गोडाऊनकडून तिसराच आकडा येतो. तिघांनीही आकडे एकाच सॉफ्टवेअरमधून काढलेले असतात. मग ‘कोणाचा आकडा खरा’ यावरच वेळ जातो आणि निर्णय शेवटी अंदाजाने होतो.

गंमत म्हणजे बहुतेक वेळा तिघेही खरं बोलत असतात. विक्रीवाले आलेली ऑर्डर मोजतात, गोडाऊन बाहेर पडलेला माल मोजतं, हिशेबवाले इन्व्हॉइस मोजतात. ऑर्डर ३० तारखेला आली आणि बिल पुढच्या महिन्याच्या १ तारखेला फाडलं, की एकच व्यवहार दोन महिन्यांत विभागला गेला. त्यात कुणी कर धरून मोजतो, कुणी वगळून. परत आलेला माल कुणी वजा करतो, कुणी नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. रिपोर्टच्या माथ्यावर एक ओळ छापा: ‘विक्री म्हणजे इन्व्हॉइसच्या तारखेनुसार, कर वगळून, परतावा वजा करून.’ नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी ही ओळ लिहून पाहा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

चूक वर दिसते, असते खाली

रोजची खरेदी-विक्री, आवक-जावक, पगार, वसुली यांच्या नोंदी हा पाया. त्यांची बेरीज-वर्गवारी करून व्यवस्थापकांचे रिपोर्ट बनतात आणि त्या रिपोर्टांवर पुढचे अंदाज, खरेदीचे निर्णय, डॅशबोर्डवरचे रंगीत आलेख उभे राहतात. डॅशबोर्डकडे स्वतःची अशी कुठलीच माहिती नसते. तरीही आकडा खटकला की पहिला फोन रिपोर्ट बनवणाऱ्याला जातो. तो बिचारा फॉर्म्युले तपासत बसतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. एका वस्तूचे २० नग आले. नोंद करणाऱ्याने युनिटच्या रकान्यात ‘नग’ऐवजी ‘खोकं’ निवडलं. एका खोक्यात १२ नग, म्हणून सिस्टिममध्ये २४० चढले. त्या दिवशी कुणाचं काही अडलं नाही. पुढच्या काही दिवसांत खरे २० नग विकून संपले. सिस्टिम मात्र २२० शिल्लक दाखवत राहिली. रीऑर्डर लेव्हल, म्हणजे शिल्लक जिथवर उतरली की नवी खरेदी करायची तो आकडा, होती ५०, त्यामुळे खरेदीची सूचना निघालीच नाही. विक्रीवाल्यांनी स्क्रीन बघून ग्राहकांना शब्द दिले आणि ऑर्डरी रद्द करायची वेळ आली. तिमाही संपताना रिपोर्टने सांगितलं की या वस्तूचे २२० नग पडून आहेत आणि विक्री थंडावली आहे. व्यवस्थापनाने ती वस्तू बंद करायचं ठरवलं! ग्राहक जी मागत होते, नेमकी तीच. या साखळीत कुणीही बेफिकीर नव्हतं. चुकली ती ड्रॉपडाऊनमधली एक निवड.

अशी गडबड शोधायची तर सगळा स्टॉक उपसू नका, एकच वस्तू धरा. शेवटची मालमोजणी ज्या दिवशी बरोबर जुळली होती, तिथून पुढच्या सगळ्या नोंदी काढा आणि त्या कागदावरच्या तारखेने लावण्याऐवजी सिस्टिममध्ये भरल्याच्या वेळेने लावा. मागची तारीख टाकून नंतर भरलेल्या नोंदी लगेच उघड्या पडतात. मग फरकाच्या आकड्याकडे बघा, तो बरंच बोलतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या: ४५ च्या जागी ५४. फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली, तर ती नोंद उलट्या बाजूला पडली असेल. आणि युनिटचा घोळ? १२ च्या खोक्यात फरक ११ च्या पटीत येतो, १२ च्या नाही, कारण एका नगाचे बारा धरले की जास्तीचे अकराच होतात. वरच्या उदाहरणात २२० आलाय, बघा.

सगळ्यात घातक सवय म्हणजे फरक दिसला की ‘स्टॉक अ‍ॅडजस्टमेंट’ची नोंद टाकून मोकळं होणं. आकडा जुळतो, पुरावा जातो आणि पुढच्या महिन्यात तोच फरक परत येतो. अ‍ॅडजस्टमेंट करायलाच हवी, पण कारण सापडल्यावर आणि ते कारण नोंदीत लिहून. शिल्लक उणे दिसत असेल तर ती घाईने शून्यावर आणू नका. आवक नोंदण्याआधी विक्री नोंदली गेल्याची ती खूण असू शकते. आधी आवकेचं चलान, म्हणजे मालासोबत आलेला कागद, शोधा.

बाजूला चालणारी एक्सेल

मुख्य सिस्टिम असूनही प्रत्येक विभागाची एक खासगी एक्सेल फाइल असतेच. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. सिस्टिम जे देत नाही ते माणूस एक्सेलमध्ये करतो. पण त्या फाइलवर निर्णय व्हायला लागले की धोका सुरू होतो. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांचे कोविडचे निकाल एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ फाइल साच्यात ओढले जात होते. त्या साच्यात ६५,५३६ च ओळी मावतात. त्याहून जास्तीच्या ओळी गळून पडल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही त्यामुळे लांबला. एका प्रणालीतून दुसरीत माहिती नेताना इकडून किती ओळी निघाल्या, तिकडे किती पोहोचल्या आणि दोन्हीकडची बेरीज सारखी आहे का, हे दर वेळी तपासा. शक्य असेल तर हे काम सिस्टिमलाच करायला लावा, माणूस कंटाळतो.

‘सिस्टिम म्हणते म्हणजे खरंच’

या समजाची किंमत ब्रिटनमध्ये फार मोठी मोजावी लागली. तिथल्या पोस्टाच्या होरायझन या प्रणालीत रोख कमी दिसली म्हणून उप-टपाल कार्यालयं चालवणाऱ्या माणसांना चोर ठरवण्यात आलं. १९९९ पासून ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. प्रणालीत दोष होते हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. माझं मत ठाम आहे: तूट दिसली की माणसाची चौकशी आणि प्रणालीची चौकशी एकाच दिवशी सुरू व्हावी. त्यासाठी कोणी, केव्हा, काय बदललं याचा ऑडिट ट्रेल कायम चालू हवा आणि प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं. काउंटरवरचे सगळे एकाच पासवर्डने काम करत असतील, तर ट्रेल असून नसल्यासारखा.

नवी प्रणाली सुरू करण्याची वेळ हाही व्यवसायाचा निर्णय आहे, आयटीचा नुसता नाही. हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने जुलै १९९९ मध्ये तीन नव्या प्रणाली एकदम सुरू केल्या, तेही हॅलोविनच्या ऑर्डरींचा हंगाम तोंडावर असताना. माल तयार होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचवता आल्या नाहीत. हंगाम टाळा, एकेक भाग सुरू करा आणि जुनी व नवी प्रणाली काही काळ समांतर चालवा. दुहेरी नोंदींचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, तरीही.

डॅशबोर्डबद्दल थोडक्यात: प्रत्येक आकड्यासमोर ‘हा बदलला तर आपण काय वेगळं करू?’ असं विचारा. उत्तर नसेल तर तो काढून टाका. सरासरीसोबत सगळ्यात वाईट आकडाही दाखवा. सरासरी दोन दिवसांत माल पोचतो या वाक्यात पंधरा दिवस वाट बघणारा ग्राहक दिसत नाही.

राहिला बॅकअप. ‘रोज घेतो’ हे उत्तर पुरेसं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या ऑनलाइन सेवेत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या ठरवलेल्या पद्धती ऐनवेळी कामाला आल्या नाहीत आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. वेगळ्या मशिनवर कालचा बॅकअप उतरवा, एक जुनं इन्व्हॉइस उघडा, मूळ प्रणालीतल्या कालच्या शिलकेशी त्यातली शिल्लक ताडून बघा आणि या सगळ्याला किती तास लागले ते लिहून ठेवा. बिघाडाच्या दिवशी ‘कधी सुरू होणार?’ या प्रश्नाला तोच आकडा सांगायचा असतो.