पिल्लं गारठतात पहिल्या रात्री, मरतात चौथ्या दिवशी

थंडीची चाहूल लागली की कुक्कुटपालकांकडून एकच तक्रार ऐकू येते. पिल्लं आणली तेव्हा टणटणीत होती, तीन दिवस चांगली खात-पीत होती, आणि चौथ्या दिवसापासून सकाळी शेडमध्ये गेलं की मेलेली सापडतात. मग कुणी खाद्याला दोष देतं, कुणी हॅचरीला (अंडी उबवणाऱ्या केंद्राला), कुणी पाण्याला. संध्याकाळपर्यंत औषध विक्रेत्याकडून अँटिबायोटिकची बाटली, लिव्हर टॉनिक आणि प्रतिकारशक्तीचं कसलं तरी महागडं मिश्रण घरी आलेलं असतं.

पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याचशा मरतुकीचं मूळ पहिल्या दोन रात्रींतच असतं. ते चौथ्या दिवशी शोधून हाती लागत नाही.

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा काही भाग शिल्लक असतो. तीन-चार दिवसांत तो जिरायचा असतो. त्यातूनच पिल्लाला सुरुवातीचं पोषण आणि आईकडून आलेली प्रतिकारशक्ती मिळते. या वयात पिल्लाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही. ते जमायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर बाहेरून दिलेल्या उबेवरच सगळी मदार. पिल्लू गारठलं की खाणंपिणं थांबतं, बलक जिरत नाही आणि तिथेच नासतो. बेंबीतून शिरलेल्या जंतूंना तर आयतं घर मिळतं. मेलेलं पिल्लू हातात घेऊन पाहा: पोट फुगलेलं, बेंबीभोवती ओलसर, कातडी पातळ आणि निळसर-हिरवट. आत बलक पिवळा घट्ट नसून तपकिरी, पाण्यासारखा आणि घाण वास मारणारा असतो. एवढं बिघडायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून मर चौथ्या दिवशी दिसते.

थर्मामीटर कुठे टांगलाय ते आधी बघा

बहुतेक शेडमध्ये तो भिंतीवर माणसाच्या खांद्याइतका उंच असतो. तिथलं तापमान पिल्लाच्या काय कामाचं? पिल्लू जमिनीपासून दोन इंचांवर जगतं. ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब देण्याची सोय आणि लिटर म्हणजे जमिनीवर अंथरलेलं तूस. ब्रूडरच्या कडेला, लिटरपासून दोन इंच वर पारा बघा. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस हवं. पुढे दर आठवड्याला ३ अंशांनी उतरवत २१ पर्यंत आणायचं.

यापेक्षाही जास्त दुर्लक्ष होतं ते लिटरकडे. पिल्लं दारात आल्यावर दिवे लावणारे खूप आहेत. हवा तासाभरात तापते, पण खालची फरशी नाही. तूस वरून कोमट लागतं आणि आत बोटं खुपसली की गार. पिल्लाचे पाय आणि पोट त्याच गारठ्याला टेकलेलं असतं. थंडीच्या दिवसांत ब्रूडर पिल्लं येण्याच्या २४ तास आधी चालू करा आणि लिटर ३० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय पिल्लं सोडू नका. पैसे वाचवायचेच असतील तर टॉनिकमध्ये वाचवा, या चोवीस तासांत नको.

एक बिनखर्चाची परीक्षा. पिल्लं सोडल्यावर दोन तासांनी वेगवेगळ्या जागची दहा-पंधरा उचला आणि त्यांचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर लिटर गार आहे, मग थर्मामीटर काहीही सांगो.

आणखी एक नवं दुखणं आहे. वीज वाचते म्हणून ब्रूडरमध्ये एलईडी दिवे लावलेले आढळतात. उजेड लख्ख, ऊब जवळजवळ नाही. ऊब देतो तो जुना तारेचा बल्ब, इन्फ्रारेड दिवा किंवा गॅस ब्रूडर. बल्बचा रूढ हिशोब पिल्लामागे १ वॅट, कडक थंडीत २ वॅट.

पहाटेची फेरी

रात्री दहाला बघून झोपलात तर त्या रात्रीचं काहीच बघितलं नाही असं समजा. पारा सगळ्यात खाली जातो तो पहाटे, उजाडायच्या थोडं आधी, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर कुणाला कळतही नाही. पहिल्या पाच रात्री तरी तीन ते सहाच्या दरम्यान एक फेरी हवीच. माझा अनुभवाचा ठोकताळा असा: संध्याकाळी आभाळ निरभ्र असेल आणि वारा पूर्ण पडला असेल, तर पहाट अंदाजापेक्षा जास्त गार निघते. अशा रात्री एक दिवा जादा लावतो.

आत शिरताना बोलू नका, आधी कान द्या. समाधानी पिल्लांचा हळू चिवचिवाट असतो. गारठलेली उंच, तीक्ष्ण आवाजात एकसारखी ओरडतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून ढीग केला असेल तर ऊब कमी. कडेला जाऊन चोच उघडून धापत असतील तर जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने झोत येतोय, पडद्याची खालची फट शोधा. ढिगाखाली गुदमरून मरणारी पिल्लं धडधाकटच असतात, म्हणून चिक गार्ड (ब्रूडरभोवतीचं कुंपण) गोलच लावा. कोपरा ठेवलात की तिथे ढीग होणारच.

थंडीच्या धास्तीने पडदे वरपासून खालपर्यंत घट्ट बांधणं ही दुसऱ्या टोकाची चूक. खालून बंद, वर हातभर मोकळं. कोळशाची शेगडी बंद शेडमध्ये ठेवू नका, तिच्या वायूला वास नसतो आणि सकाळी पिल्लं निजल्यासारखी मेलेली मिळतात. माणसालाही तोच धोका. वीज जाणार असेल तर गरम पाण्याचे घट्ट झाकणाचे कॅन गोणपाटात गुंडाळून ब्रूडरमध्ये ठेवा. दोन-तीन तास निभावतात.

गारठलेलं पिल्लू सापडलं तर

मान टाकलेलं, डोळे मिटलेलं, पाय गार, पण छाती हलतेय, असं पिल्लू फेकू नका. ते वेगळ्या खोक्यात सुक्या फडक्यावर, ३५ अंशांच्या जवळपास ठेवा. आधी ऊब, मग पाणी. हा क्रम उलटा केला की पिल्लू हातचं जातं. मान धरायला लागलं की कोमट साखरपाण्यात (एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम साखर) चोचीचं फक्त टोक बुडवा. ड्रॉपरने घशात ओतू नका, पाणी फुप्फुसात उतरतं. मागची जागा विष्ठेने चिकटून बंद झाली असेल तर कोमट पाण्याने भिजवून सोडवा, ओढू नका, आणि पूर्ण सुकवून मगच ब्रूडरमध्ये सोडा. दोन-चार तासांत उभं राहिलं नाही तर ते बहुधा वाचत नाही.

वाचलेल्यांची आणि बाकीच्यांचीही गळ्याखालची अन्नपिशवी तपासा. भरलेली आणि मऊ असेल तर ठीक. कडक लागली तर खाद्य मिळालं, पाणी नाही. रिकामी असेल तर पिल्लाला दोन्ही सापडलेलं नाही. सोडल्यापासून २४ तासांत शंभरातल्या ९५ पिल्लांची पिशवी भरलेली हवी.

बाटलीबद्दल एवढंच. अँटिबायोटिकने गारठा जात नाही. कमजोर पिल्लं मरून संपली की मर आपोआप उतरते आणि श्रेय बाटली घेऊन जाते. त्यात औषधाचं पाणी कडू असलं तर आधीच कमी पिणारं पिल्लू ते आणखी कमी पितं. पशुवैद्यकाने मेलेलं पिल्लू उघडून बघितल्याशिवाय औषध सुरू करू नका.

मग रोग कधी समजायचा?

सकाळी आणि संध्याकाळी उचललेली मेलेली पिल्लं वेगळी मोजा, कुठे सापडली तेही लिहा. सकाळची संख्या मोठी आणि सगळी कडेला किंवा एका बाजूला असतील तर कारण थंडीच. दिवसरात्र सारखी आणि शेडभर विखुरलेली असतील तर रोगाकडे वळा.

- पांढरी चिकट हगवण, मर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चढणारी: पुलोरम या जिवाणूंच्या रोगाचा संशय. तो अंड्यातून येतो, हॅचरीला कळवा.
- घरघर नाही पण चोच उघडून श्वास: बुरशीचा न्यूमोनिया. यावर औषध चालत नाही. बुरसट तूस काढून फेका.
- तीन आठवड्यांनंतर रक्ताची हगवण: कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवींचा रोग). अँप्रोलियम २० टक्के पावडर, ५० लिटर पाण्यात ६० ग्रॅम, ३ ते ५ दिवस. ओलं लिटर त्याच दिवशी बदला, नाहीतर आठवड्यात परत.

नेहमीची कामं

- लिटर २ ते ३ इंच, कोरडं, बुरशीचा वास नसलेलं
- चिक गार्ड दीड फूट उंच, रोज थोडा मोठा
- एका ब्रूडरखाली जास्तीत जास्त २५० पिल्लं
- साखरपाणी पहिले काही तासच, नंतर साधं पाणी
- पाणी कोमट, भांडी रोज दोनदा धुणे
- कागद अंथरला तर खडबडीत बाजू वर, रोज बदलणे
- ५ ते ७ व्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा लस, डोळ्यात थेंब
- १२ ते १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची लस
- लस पाण्यातून देताना आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद
- मेलेली पिल्लं खड्ड्यात चुना टाकून पुरणे

पहिल्या आठवड्याची मर शेकडा एकच्या वर गेली तर ताजी मेलेली चार-पाच आणि आजारी दोन-तीन पिल्लं रोगनिदान प्रयोगशाळेत न्या. मेलेली बर्फावर ठेवा, गोठवू नका. मोठे पक्षीही एकाएकी धडाधड मरू लागले, तुरे निळे पडले, तर एकही पक्षी उघडू नका आणि शेडबाहेर नेऊ नका. येणंजाणं थांबवा आणि सरकारी पशुवैद्यकाला त्याच तासाला फोन करा.